रसायनशास्त्राचे पाढे

शालान्त परीक्षा जवळ आली की घराघरांतून पाठांतराचा घोष ऐकू येऊ लागतो आणि नेमक्या त्याच सुमारास व्यासपीठांवरून पाठांतराचा धिक्कारही सुरू होतो. ‘घोकंपट्टी’ हा आपल्या शैक्षणिक चर्चेतील सर्वांत स्वस्त दूषणशब्द होऊन बसला आहे. विद्यार्थी बिचारा या दोन आवाजांच्या मध्ये उभा असतो. ‘पाठ करू नकोस, समजून घे’ असा उपदेश तो ऐकतो. आणि निकाल लागला की ज्याने पाठ केले तोच तरून गेला, असे त्याला दिसते. हा गोंधळ सर्वच विषयांत असला तरी रसायनशास्त्राइतका तो अन्यत्र महाग पडत नाही. कारण या विषयाचे दार ज्या किल्लीने उघडते ती किल्ली थोड्याशा पाठांतराचीच असते, आणि ती हाती नसलेला विद्यार्थी नववीच्या मध्यावरच विज्ञानाचा उंबरठा सोडून मागे फिरतो.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. ती मान्य झाली हे योग्यच झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक विषयाचा आशय कमी करून तो गाभ्यापुरता ठेवावा, असे म्हटले आहे. हेही तत्त्वतः निर्विवाद आहे. परंतु गाभा म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर घोषणांनी मिळत नाही. ते विषयागणिक, तथ्यागणिक द्यावे लागते. दहावीनंतर शाळा सोडून शेतीत, कारखान्यात किंवा दुकानात जाणाऱ्या मुलाच्या डोक्यात रसायनशास्त्रातले नेमके काय कायमचे राहिले पाहिजे? आणि पुढे विज्ञान शिकणाऱ्या मुलीला कोणती सामग्री तोंडपाठ असल्याखेरीज एक पाऊलही टाकता येणार नाही? पाठांतर हवे की नको हा वाद निष्फळ आहे. पाठ काय करावे आणि काय करू नये, हा खरा प्रश्न आहे.

रोकड कशासाठी बाळगायची?

या प्रश्नाकडे अर्थशास्त्रातील एका जुन्या विवेचनाच्या आधाराने पाहता येते. माणसे आपली संपत्ती व्याज देणाऱ्या ठेवींत न गुंतवता काही भाग रोकड स्वरूपात का बाळगतात, याची मीमांसा केन्सने १९३६ साली केली आणि तीन हेतू सांगितले: व्यवहार हेतू, दक्षता हेतू आणि सट्टा हेतू. नित्याच्या खरेदीसाठी खिशात पैसे लागतात. अकल्पित संकटासाठी काही रक्कम हाताशी ठेवावी लागते. आणि भावांच्या चढउताराचा अंदाज बांधून लाभ उठवण्यासाठीही काही लोक रोकड धरून बसतात.

स्मरणात ठेवलेले ज्ञान ही विद्यार्थ्याची रोकड होय. पुस्तक, कोश आणि आता प्रत्येक हातात आलेला मोबाइल ही त्याची बँक आहे. बँकेत रक्कम आहे म्हणून बसच्या तिकिटासाठी कोणी धनादेश फाडत नाही. त्याचप्रमाणे माहिती मोबाइलवर उपलब्ध आहे म्हणून समीकरण लिहिताना प्रत्येक संज्ञा शोधत बसणे शक्य होत नाही. मनाची पाटी लहान असते. संज्ञा आणि संयुजा शोधण्यातच ती भरून गेली तर समीकरणाचा अर्थ लिहायला तिच्यावर जागा उरत नाही. उलटपक्षी, सारी संपत्ती रोकडीत ठेवणारा माणूसही शहाणा म्हणता येत नाही. रोकडीला किंमत मोजावी लागते. पाठांतराला लागणारा वेळ तीन भाषा, गणित, इतिहास आणि खेळ यांच्या वाट्यातूनच काढावा लागतो. म्हणून शिल्लक किती ठेवायची आणि कोणत्या हेतूने, याचा हिशेब आवश्यक आहे.

नित्य व्यवहारातील नाणी

व्यवहार हेतूने जे पाठ करायचे त्याला दोन कसोट्या लावता येतील. ते वारंवार लागणारे असावे, आणि ते दुसऱ्या कशावरून तर्काने काढता न येणारे असावे. या कसोट्यांवर पहिल्याने उतरतात त्या मूलद्रव्यांच्या संज्ञा. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१३ साली अक्षरसंज्ञांची पद्धत सुचवली आणि आज ११८ मूलद्रव्यांना संज्ञा आहेत. शालेय विद्यार्थ्याला त्यांतील पस्तीस पुरेत: हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंतची पहिली वीस क्रमाने, आणि लोह, तांबे, जस्त, चांदी, सोने, शिसे, कथील, पारा, निकेल, क्रोमियम, मँगनीज, बेरियम, ब्रोमीन, आयोडीन व युरेनियम ही पंधरा.

सोडियमची संज्ञा ‘एन-ए’ का, हे तर्काने सापडत नाही. ती ‘नेट्रियम’ या लॅटिन नावावरून आली. पोटॅशियमची ‘के’ ही ‘केलियम’वरून, लोहाची ‘एफ-ई’ ही ‘फेरम’वरून आणि शिशाची ‘पी-बी’ ही ‘प्लंबम’वरून आली. मराठी माध्यमातील मुलांना या संज्ञा परक्या वाटतात, असे वारंवार म्हटले जाते. पण सोडियम म्हणणाऱ्या इंग्रज मुलालाही ‘एन-ए’ तितकीच परकी आहे. ही लिपी साऱ्या जगातील विद्यार्थ्यांना पाठच करावी लागते आणि तिच्यापुढे मराठी विद्यार्थी व इंग्रज विद्यार्थी समान पातळीवर उभे असतात. उलट जस्त, कथील, शिसे, पारा, गंधक हे शब्द आपल्या घरांत आणि बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. शेतकऱ्याच्या तोंडी असलेले नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियमच होत. परकेपण संज्ञेत नाही. ओळखीच्या वस्तूशी तिची गाठ कोणी घालून दिली नाही, यात आहे.

पहिली वीस मूलद्रव्ये क्रमानेच पाठ करण्यात दुहेरी लाभ आहे. क्रम म्हणजेच अणुअंक. आणि अणुअंक कळला की इलेक्ट्रॉनांची मांडणी करता येते. सोडियम अकरावा, म्हणून त्याची मांडणी दोन, आठ, एक. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन देऊन तो मोकळा होतो, म्हणून त्याची संयुजा एक. क्लोरीन सतरावा, म्हणून दोन, आठ, सात. त्याला एक हवा असतो, म्हणून त्याचीही संयुजा एक. मीठ का बनते, हे या दोन ओळींत येते. येथे पाठांतर संपते आणि समज सुरू होते.

त्यानंतर येतात धन आणि ऋण मूलके. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम, चांदी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, तांबे, लोह आणि ॲल्युमिनियम ही दहा धन मूलके. क्लोराइड, ब्रोमाइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट, ऑक्साइड, सल्फाइड, कार्बोनेट, सल्फेट आणि फॉस्फेट ही दहा ऋण मूलके. या वीसांच्या संयुजा ज्याला पाठ आहेत त्याला शंभर संयुगांची सूत्रे स्वतः लिहिता येतात. लोह दोन संयुजा दाखवते हे ध्यानात घेतले तर शंभरांहून अधिकच. वीसांच्या भांडवलावर शंभरांचा नफा देणारा दुसरा व्यवसाय सहसा आढळणार नाही. अर्थात कागदावर लिहिलेले प्रत्येक सूत्र बाटलीत सापडेलच असे नव्हे. ॲल्युमिनियम कार्बोनेटचे सूत्र सहज लिहिता येते. तो पदार्थ मात्र पाण्यात टिकत नाही. निसर्ग कुठे अडतो, हे शिकवण्यासाठी शिक्षक आणि प्रयोगशाळा आहेत. परंतु ज्याला सूत्रच लिहिता येत नाही त्याला हा प्रश्नच पडत नाही.

तिसरे नाणे म्हणजे धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोह, कथील, शिसे, हायड्रोजन, तांबे, पारा, चांदी, सोने. चौदा नावांची ही एक ओळ. वरचा धातू खालच्याला त्याच्या संयुगातून हुसकावून लावतो, एवढा नियम तिला जोडला की कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. सोने मोकळे का सापडते, लोखंडासाठी भट्टी का लागते, आणि ॲल्युमिनियम विजेच्या साह्याने काढण्याची पद्धत १८८६ साली सापडेपर्यंत तो धातू दुर्मीळ का राहिला, याचे उत्तर या एका ओळीत आहे. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदार मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण तयार करतात. ते लोखंडी भांड्यात करू नये, असे त्यांना सांगितलेले असते. आणि तयार मिश्रणात लोखंडी सळई किंवा विळ्याचे पाते बुडवून पाहण्याची रीतही त्यांना ठाऊक असते. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजावे. लोह तांब्याच्या वर आहे, एवढे पाठ असलेल्या त्यांच्या मुलाला या रिवाजामागील कारण कोणी सांगावे लागत नाही.

या जोडीला आम्ल व आम्लारी मिळून क्षार आणि पाणी, आम्ल व कार्बोनेट मिळून कार्बन डायऑक्साइड, उदासीन द्रवाचा सामू सात, चुन्याची निवळी दुधाळ करणारा वायू कोणता आणि विझत आलेली काडी पेटवणारा कोणता, अशी आठ-दहा तथ्ये जोडली की नित्य व्यवहाराची बेगमी झाली.

चार अंकांची किंमत

अणुवस्तुमानांचे कोष्टक पाठ करणे हा पाठांतराचा सर्वांत रुक्ष प्रकार समजला जातो. वस्तुतः त्यांतील केवळ चार आकडे किती फळ देतात ते पाहावे: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६.

युरियाच्या एका रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असतात. बेरीज ६०, त्यांपैकी नायट्रोजन २८. म्हणजे शुद्ध युरियात नत्र ४६.७ टक्के. गोणीवर छापलेला ४६ हा आकडा कोठून आला, ते येथे कळते. गंधकाचा ३२ हा आणखी एक आकडा घेतला तर अमोनियम सल्फेटचे रेणुवस्तुमान १३२ येते आणि त्यातील नत्र २१ टक्क्यांच्या आसपास भरते. गोणीवर तो साडेवीस टक्के असतो. म्हणजे युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत जेवढे नत्र असते तेवढ्यासाठी अमोनियम सल्फेटच्या ५० किलोंच्या दोन गोण्या घ्याव्या लागतात. अमोनियम सल्फेटमधून गंधकही मिळते, हा लाभ वेगळा. पण गोणीची किंमत आणि नत्राची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला आकड्यांत मांडता येते त्या शेतकऱ्याला दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही.

याच चार आकड्यांनी वायू वर जाणार की खाली बसणार हेही सांगता येते. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान सुमारे २९ आहे, एवढा पाचवा आकडा ध्यानात ठेवावा. नळाने येणाऱ्या इंधनवायूत मुख्यतः मिथेन असतो. त्याचे वस्तुमान १६, म्हणून तो गळला तर वर चढतो. सिलिंडरमधील वायूत प्रोपेन व ब्युटेन असतात. त्यांची वस्तुमाने ४४ आणि ५८. तो गळला तर जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि मोरीत साचतो. कार्बन मोनॉक्साइडचे २८, म्हणजे जवळजवळ हवेइतकेच. तो खोलीभर सारखा मिसळतो आणि त्याच्यापासून कोणताही कोपरा सुरक्षित राहत नाही.

दक्षतेची शिल्लक

येथे व्यवहार हेतू संपून दक्षता हेतू सुरू होतो. काही तथ्ये वारंवार लागत नाहीत. कदाचित आयुष्यात एकदाच लागतात. परंतु लागतात तेव्हा ग्रंथ उघडायला अवधी नसतो. अशा तथ्यांची यादी प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्‌गत असली पाहिजे, मग त्याला परीक्षेत कितीही गुण मिळोत.

आम्ल सौम्य करताना ते पाण्यात सावकाश ओतावे. पाणी आम्लात ओतू नये, कारण निर्माण होणाऱ्या उष्णतेने आम्ल उसळून अंगावर येते. शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये आणि हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात गॅसवर चालणारा गीझर लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे बंधन ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. सिलिंडरचा वायू गळत असेल तर दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये. पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये. मिथेनॉल आणि इथेनॉल यांच्यात फरक एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनांचा असला तरी एक दृष्टी व प्राण हिरावून घेतो. मुंबईत मालवणी येथे २०१५ साली शंभरांहून अधिक माणसे मिथेनॉलमिश्रित दारूने दगावली.

तुंबलेल्या गटारात आणि मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. त्याचे वस्तुमान ३४. तो तळाशी साचतो. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा असतो, हे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात. पण प्रमाण वाढले की तो नाकाची जाणीवच बधिर करतो, म्हणून वास येईनासा झाला याचा अर्थ धोका टळला असा होत नाही, हे उत्तरार्धाचे वाक्य पहिल्याहून अधिक महत्त्वाचे आहे. माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही माणसे उतरतात आणि एकाला वाचवायला गेलेला दुसराही वर येत नाही, अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. अशा बंदिस्त पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता दिवा खाली सोडून पाहण्याची रीत होती. दिवा विझला तर माणसाने उतरू नये. परंतु दिवा केवळ ऑक्सिजनची उणीव दाखवतो. विषारी वायू दाखवत नाही, हे जोडवाक्यही रीतीबरोबर पाठ असावे.

१९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारोंचे प्राण घेतले. त्या दुर्घटनेची जबाबदारी ज्यांनी तो वायू साठवला आणि सुरक्षेची हेळसांड केली त्यांची होती. झोपेतून उठून धावणाऱ्या नागरिकांच्या अज्ञानाची नव्हे. पण त्या वायूचे वस्तुमान त्याच चार आकड्यांनी काढता येते: दोन कार्बन, तीन हायड्रोजन, एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, एकूण ५७. हवेच्या जवळजवळ दुप्पट. तो आकाशात निघून न जाता वस्त्यांमधून जमिनीलगत का पसरला, याचे एक कारण या बेरजेत आहे. रासायनिक कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्या महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांच्या मुलांनी ही बेरीज एकदा तरी आपल्या हाताने करून पाहावी. कारखान्यात काय साठवले आहे, हे विचारण्याचे धैर्य अशा बेरजांतूनही येते.

सट्ट्याचा बाजार

केन्सचा तिसरा हेतू सट्ट्याचा. विद्यार्थ्यांचे बहुतांश पाठांतर आज याच खात्यावर जमा होते, हीच खरी तक्रार आहे. ‘आयएमपी’ म्हणून खुणावलेले प्रश्न, गाईडांतील हमखास येणारी उत्तरे, ‘फरक स्पष्ट करा’चे तक्ते, शब्दशः लिहाव्या लागणाऱ्या व्याख्या आणि ‘शास्त्रीय कारणे द्या’ची तयार कारणे. प्रश्न आला तर लाभ. न आला तर सारी गुंतवणूक बुडीत. परीक्षा संपली की या रोकडीला बाजारात कवडीची किंमत नसते.

यातील विपर्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. जी तथ्ये तर्काने काढता येत नाहीत ती विद्यार्थ्याला कच्ची असतात. आणि जी कारणे तर्कानेच द्यायची ती तो पाठ करतो. चांदीची भांडी काळी का पडतात, याचे उत्तर त्याला शब्दशः येते. पण तांब्याचा बंब हिरवा का पडतो असे विचारले तर तो गोंधळतो. कारण तो प्रश्न वहीत नव्हता. हवेत कोणते वायू असतात, तांबे आणि चांदी कोणाशी संयोग पावतात, आणि होणाऱ्या संयुगाचा रंग काय, एवढे त्याला पक्के असते तर दोन्ही कारणे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिली असती. आपण मुलांना पाढे पाठ करू दिले नाहीत आणि गणितांची उत्तरे मात्र पाठ करायला लावली, असाच हा प्रकार आहे.

याचा दोष एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही. जेथे प्रश्नपत्रिका ठरावीक साच्याची असते तेथे सट्टा हा शहाणपणाचा निर्णय ठरतो. अनपेक्षित प्रश्न विचारणारी परीक्षा, खताच्या गोणीवरचा मजकूर किंवा औषधाच्या बाटलीवरचे घटक देऊन त्यावरून विचार करायला लावणारी परीक्षा, हाच सट्ट्यावरील उपाय होय.

पावकी-दिडकीचा धडा

पाठांतराच्या विरोधकांचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. तथ्ये जुनी होतात, असे ते म्हणतात. ते खरेच आहे. आपल्या जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत. सोळा आण्यांचा रुपया आणि चार पावांचा शेर असलेल्या बाजारात ती खणखणीत नाणी होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि औटकीचा बाजार उठला. बे ते तीसचे पाढे मात्र टिकले. कारण ते कोणत्याही एका चलनाशी बांधलेले नव्हते.

रसायनशास्त्रातही हा विवेक हवा. हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०३ टक्के असतो, असे कित्येक पिढ्यांनी पाठ केले. १९५८ साली हवाई बेटांवर मोजमाप सुरू झाले तेव्हा ते दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहे. हा आकडा पाठ करताना त्याच्याबरोबर वर्षही पाठ केले पाहिजे. एक मोल वायूचे आकारमान २२.४ लिटर असते, हे वाक्य अपुरे आहे. शून्य अंश सेल्सियस तापमान आणि एक वातावरण दाब या अटींखेरीज ते चुकीचे ठरते. अट गाळून पाठ केलेले तथ्य खोट्या नाण्यासारखे असते. ते खपते, पण कधीतरी दगा देते.

आणि पाठांतर हे प्रयोगाला पर्याय नव्हे. ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला वर्षानुवर्षे कुलूप असते तेथील मुलांनी शंभर सूत्रे पाठ केली तरी त्यांना रसायनशास्त्र भेटले असे म्हणता येत नाही. परंतु निळ्या मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून त्यावर तांबे चढलेले पाहणाऱ्या मुलालाही, काय झाले ते सांगण्यासाठी शब्द लागतात. मेंडेलीव्हने १८६९ साली आवर्तसारणी मांडली ती आपल्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत असताना. त्या वेळी ज्ञात असलेल्या साठांवर मूलद्रव्यांचे गुणधर्म आणि अणुभार त्याला अवगत होते, म्हणूनच त्यांतील क्रम त्याला दिसला; त्याने रिकाम्या ठेवलेल्या जागांवर पुढे १८७५ साली गॅलियम आणि १८८६ साली जर्मेनियम येऊन बसले. तथ्यांच्या ओझ्याखाली तो दबून गेला नाही आणि तथ्यांवाचून त्याला नियमही सापडला नाही.

शंभर तथ्यांचा हक्क

आता हिशेब करावा. पस्तीस संज्ञा, वीस मूलकांच्या संयुजा, पंधरा अणुवस्तुमाने, चौदा नावांची एक ओळ, आठ-दहा मूलभूत अभिक्रिया व चाचण्या आणि दक्षतेची आठ-दहा वाक्ये. सारे मिळून शंभरांच्या थोडे वर. बे ते तीसपर्यंतचे पाढे म्हणजे २९० गुणाकार होतात आणि प्राथमिक शाळेतील मुले ते पाठ करत आली आहेत. त्याच्या निम्म्याहून कमी ओझे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना जड जाण्याचे कारण नाही. आठवी आणि नववीच्या दोन वर्षांत आठवड्याला दोन तथ्ये घेतली तरी दहावीपूर्वी ही पुंजी जमा होते. तुरटी, नवसागर, मोरचूद, चुना, खायचा सोडा हे घरात आणि किराणा दुकानात मिळणारे पदार्थ वर्गात आणून त्यांची नावे, सूत्रे आणि स्वभाव एकत्र शिकवले तर ती घोकंपट्टी राहत नाही.

या मागणीला सामाजिक न्यायाचीही एक बाजू आहे. ज्याच्या घरी शिकलेली माणसे आहेत, ज्याला खाजगी शिकवणीची सोय आहे, त्या मुलाकडून ही शंभर तथ्ये कोणीतरी घरी करून घेतोच. ‘पाठांतर नको’ या घोषणेने त्याचे काही बिघडत नाही. ती घोषणा खरी मानून रिकाम्या हातांनी राहते ती घरातून पहिल्यांदाच हायस्कुलात पोचलेली मुलगी. संयुजेच्या धड्यावर ती अडते; आपल्याला विज्ञान जमत नाही असा समज करून घेते; आणि दहावीनंतर परिचारिकेचा, प्रयोगशाळा-साहाय्यकाचा किंवा कृषी पदविकेचा रस्ता तिच्यापुरता बंद होतो. तिची बुद्धी कमी पडलेली नसते. वीस मूलकांच्या संयुजा वेळेवर कोणी म्हणवून घेतल्या नाहीत, एवढीच तिची उणीव असते.

प्रत्येक माध्यमिक शाळेने ही शंभर तथ्ये एका तक्त्यावर लिहून वर्गात लावावीत, शिक्षकांनी तासाच्या आरंभी पाच मिनिटे ती म्हणवून घ्यावीत, आणि उरलेल्या चाळीस मिनिटांत पाठांतराचे नावही काढू नये. पाढे पाठ करून घेणाऱ्या जुन्या गुरुजींना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: गणित पुढे सोडवायचे असते, पाढे त्यासाठी असतात. रसायनशास्त्राचे पाढे निवडण्याचे काम शिक्षणतज्ज्ञांचे आहे. ते टाळले जात आहे तोवर विद्यार्थी ज्याचा उपयोग नाही तेच पाठ करत राहतील, आणि जे तोंडपाठ हवे ते आयत्या वेळी आठवणार नाही.